व्हिडिओतला बारीक आवाज आणि एफएफएमपेग: काही महिने वापरल्यानंतर

कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानांचं चित्रीकरण मी करतो आणि मग ते सभासदांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो. सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: "अहो, चित्र छान आहे, पण ऐकूच येत नाही." मोबाइल शेवटच्या रांगेत ट्रायपॉडवर, वर गरगरणारे पंखे, खिडकीबाहेर रिक्षा. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी असा व्हिडिओ असून नसल्यासारखाच. गेल्या पावसाळ्यापासून आवाज वाढवायचं काम मी एफएफएमपेगवर, म्हणजे आवाज-चित्राच्या फाइलींवर टाइप केलेल्या आज्ञांनी काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, करतोय. त्याचा अनुभव सविस्तर लिहितो, कारण मराठीत यावर फारसं हाती लागत नाही.

आधी बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये आवाजाची पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत जाते, पण त्याने फाइल बदलत नाही. तुमच्या लॅपटॉपवर मोठा ऐकू आलेला आवाज काकांच्या मोबाइलवर तेवढाच बारीक राहतो. व्हिडिओचं स्वरूप बदलणाऱ्या हँडब्रेकमध्ये आवाज वाढवायची सोय आहे, पण ते सगळं चित्र नव्याने एन्कोड करतं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बनवतं. दीड तासाच्या व्याख्यानाला माझा जुना लॅपटॉप तापून निघतो. आवाज संपादित करायचं ऑडॅसिटी उत्तमच, फक्त आवाज वेगळा काढून पुन्हा चित्राला जोडावा लागतो. एफएफएमपेगमध्ये चित्र जसंच्या तसं कॉपी करून फक्त आवाजावर काम करता येतं. वेळ खूप वाचतो आणि चित्राचा दर्जा तसूभरही घसरत नाही. वर ते फुकट आहे. खिडक्या-बटणं मात्र नाहीत, सगळं काळ्या पडद्यावर टाइप करायचं. आज्ञा एकदा मजकुराच्या फाइलीत जपून ठेवल्या की पुढे फक्त फाइलचं नाव बदलायचं.

आता खरा मुद्दा. आवाज वाढवण्याआधी तो मोजा. एफएफएमपेगमधला व्हॉल्यूमडिटेक्ट नावाचा फिल्टर, म्हणजे त्यातलं एक छोटं साधन, फाइल न बदलता दोन आकडे सांगतो, सरासरी आणि कमाल. डिजिटल आवाजाचं छत शून्य डेसिबलला असतं, त्याच्या वर गेलं की आवाज फाटतो. एका व्याख्यानात सरासरी उणे ३६ आली आणि कमाल उणे १. म्हणजे वक्ता पार खोल गेलेला, तरी वर जागा जेमतेम १ डेसिबलची! ती जागा खाल्ली होती टाळ्यांनी. मोबाइलच्या शेजारीच बसलेल्या मंडळींनी दिलखुलास टाळ्या दिल्या होत्या. अशा फाइलला सरळ १५ डेसिबल वाढवलं की प्रत्येक टाळी पत्रा बडवल्यासारखी कानात घुसते. उलट कमाल उणे १४ असेल, तर सरळ १२ डेसिबल वाढवा आणि मोकळे व्हा. मोठेपणा दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्यामुळे २-३ डेसिबलने कुणाला फारसा फरक जाणवेल अशी आशा धरू नका.

टाळ्यांच्या फाइलींसाठी लाउडनॉर्म. हा फिल्टर नुसतं शिखर बघत नाही, कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजतो. युरोपातल्या प्रसारण संघटनेने २०१० मध्ये आर १२८ ही शिफारस आणली, त्यावर तो बेतलेला आहे. तिथे टीव्हीसाठी पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला वाटणारा मोठेपणा मोजायचं एकक) ठरवली आहे. तुम्ही आकडा दिला नाहीत तर लाउडनॉर्म उणे २४ धरतो आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ते कमीच पडतं. मी भाषणासाठी उणे १६ देतो, शिखराची मर्यादा उणे १.५. सभासदांची तक्रार या आकड्यांनंतरच थांबली. दोन फेऱ्यांत चालवलं, म्हणजे आधी मोजणी आणि मग तेच आकडे देऊन दुरुस्ती, तर निकाल जास्त नेमका येतो. आणखी एक: हा फिल्टर आतल्या आत सॅम्पलिंग (आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले नमुने) १९२ किलोहर्ट्झपर्यंत नेतो, म्हणून शेवटी ४८ किलोहर्ट्झ असं स्वतः सांगा. नाहीतर फाइल उगाच भलत्याच दराची बनते.

तोटाही स्पष्ट सांगतो. वक्ता थांबला की फिल्टर शांतताही उचलतो आणि पंख्याची घरघर पुढे येते. त्याआधी ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा हायपास लावला की घरघरीचा जडपणा जातो, पंखा पूर्ण जात नाही. भाषणाला एवढं चालतं.

गाण्याला मात्र लाउडनॉर्म लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या कोजागिरीच्या मैफलीची फाइल मी दोन्ही पद्धतींनी करून शेजारी-शेजारी ऐकली. विलंबितातले दबक्या आवाजातले आलाप लाउडनॉर्मने उचलून जवळजवळ द्रुताच्या पातळीला आणले. तानपुरा गायिकेच्या मागून पुढे आला. गाण्यातली चढण गेली की उरतं काय? तिथे फक्त कमाल आकडा बघून साधी वाढ करावी, थोडं कमी ऐकू आलं तरी चालेल.

सिनेमाच्या फाइलींत संवाद बारीक आणि पार्श्वसंगीत दणदणीत, हा प्रकार वेगळा. ५.१ आवाजात, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलच्या आवाजात, संवाद बहुतांशी मधल्या चॅनलवर असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरसाठी मिसळताना त्या चॅनलचं प्रमाण वाढवलं की आईला सबटायटलशिवाय कळायला लागतं.

आणि सॉफ्टवेअरवर पैसे घालायच्या विचारात असाल तर थांबा, वक्त्याच्या कॉलरला लावायचा क्लिप माइक घ्या. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पंखा मात्र आहे तिथेच राहतो. एफएफएमपेग मात्र वक्ता आणि पंखा दोघांनाही सारखंच उचलतं. आम्ही माइक घेतल्यापासून बहुतेक फाइलींना लाउडनॉर्मची एकच फेरी पुरते. हायपास मी भाषणांना अजूनही लावतोच.