पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरला मायएसक्यूएल की पोस्टग्रेस? ट्रिगर आणि रोलबॅक बघून ठरवा

निपाणी-चिकोडी भागातल्या पतसंस्थांसाठी पिग्मीचं सॉफ्टवेअर मी मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसवर केलंय. वेगाबद्दल बोलत नाही. एका शाखेच्या दिवसभराच्या पावत्यांना दोन्ही पुरून उरतात. खातेदारांची नावं कानडीत लिहा नाहीतर मराठीत, दोन्हीकडं नीट बसतात.

ट्रिगर म्हणजे टेबलात ओळ लिहिली की डेटाबेस आपोआप चालवतो तो छोटा कोड, आणि रोलबॅक म्हणजे अर्धवट व्यवहार मागं घेणं. रोलबॅक झाला की ट्रिगरनं केलेली नोंदही मागं जाते, हेही सारखंच. फक्त मायएसक्यूएलमध्ये एखादं जुनं मायआयसॅम (रोलबॅक न जमणाऱ्या प्रकारचं) टेबल राहून गेलं असेल, तर त्यातली नोंद मागं जात नाही. आपोआप वाढणारा पावती क्रमांक मात्र कुठंच परत मिळत नाही, मधले आकडे गळतात. ऑडिटरला हे आधीच सांगून ठेवा.

खरा फरक दिसतो तो ट्रिगरनं नकार दिल्यावर. एका संध्याकाळी रोजकीर्दीचा ताळा जमेना. एजंटनं भरलेली रोख नावे पडली होती, पण खातेदाराच्या खात्यात जमा नव्हती. खातं बंद होतं, म्हणून ट्रिगरनं सिग्नल (मुद्दाम दिलेली एरर) देऊन जमेची ओळ अडवली होती. त्याचं बरोबरच होतं. पण अशा वेळी मायएसक्यूएल तेवढं एकच स्टेटमेंट (एक आज्ञा) मागं घेतं, ट्रान्झॅक्शन (एका व्यवहाराच्या सगळ्या आज्ञांचा गट) उघडंच राहतं. आमच्या प्रोग्रामनं एरर गिळली आणि कमिट केलं, म्हणजे झालं तेवढं पक्कं केलं. अर्धं व्हाउचर कायमचं बसलं. चूक आमच्या कोडचीच, पण ती सापडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले आणि कॅशिअर बाई तोवर बसून राहिल्या. ते मला फार लागलं.

पोस्टग्रेसमध्ये ट्रिगरनं एरर दिली की सगळं ट्रान्झॅक्शनच बाद होतं. नंतर कमिट पाठवलं तरी होतो तो रोलबॅकच. शिवाय तिथं कन्स्ट्रेंट ट्रिगर (नियम तपासणारा ट्रिगर) कमिटपर्यंत लांबवता येतो, त्यामुळे नावे-जमेची बेरीज दोन्ही ओळी आल्यावर तपासता येते. मायएसक्यूएलचा ट्रिगर ओळीगणिक लगेच चालतो, तेव्हा दुसरी बाजू अजून आलेलीच नसते.

हाच कडकपणा जुन्या नोंदी आत घेताना जाचतो. एक ओळ बिघडली की सगळं अडतं, सेव्हपॉइंट (फक्त तिथपर्यंतच मागं जाता यावं म्हणून मधली खूण) टाकत बसावं लागतं. मायएसक्यूएल जाणणारी मुलंही बेळगावात मला लवकर मिळाली.

चालू सॉफ्टवेअर मायएसक्यूएलवर असेल तर ते बदलाच असं मी म्हणणार नाही. प्रत्येक एररनंतर रोलबॅक होतो का, एवढं आजच तपासा. संकेश्वरच्या नव्या शाखेचं काम आलं तेव्हा मी पोस्टग्रेस घेतलं. तिथं अर्धं व्हाउचर अजून एकदाही शोधावं लागलेलं नाही.