आतल्या टायरची हवा: दुतोंडी गेज, एक्स्टेंशन आणि सेन्सर बरेच महिने वापरल्यानंतर

मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर असलेली गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांना माहीत आहे की पुढचे दोन आणि मागचे बाहेरचे दोन यांची हवा कुणीही बघतो. राहतात ते आतले. त्यांच्यासाठी मी बरेच महिने तीन गोष्टी वापरल्या, कधी एकेक करून, कधी एकत्र: हवा मोजायचं लांब दांड्याचं दुतोंडी गेज, आतल्या व्हॉल्व्हला जोडायचं जाळीदार लवचिक एक्स्टेंशन, आणि टोपणाच्या जागी बसणारे हवेचे सेन्सर. ऊन, पाऊस, थंडी सगळं त्यात येऊन गेलं. निकाल आधीच सांगतो. गेज हातात राहिलं, सेन्सर गेजच्या मदतीला राहिले, आणि एक्स्टेंशन चाकांवरून उतरली.

मुळात हा खटाटोप का, ते आधी. एकट्या टायरची हवा गेली की गाडी एका बाजूला झुकते, टायर खाली पसरतो, लांबूनही कळतं. जोडीतल्या टायरचं तसं होत नाही. शेजारचा टायर भार उचलून धरतो, त्यामुळे हवा गेलेलाही जवळजवळ ताठ उभा दिसतो. आतला तर बाहेरच्याच्या आड असतो, म्हणजे दिसण्याचाही प्रश्न नाही. दांडका मारून आवाज ऐकायची जुनी सवय अनेकांना आहे. पूर्ण बसलेला टायर त्यात सापडतो, एवढंच. 100 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) आणि 75 पीएसआय यांच्या आवाजातला फरक ओळखतो म्हणणाऱ्याला मी एकदा डोळे मिटून ओळखायला सांगेन.

भाराचा हिशोब टायरच्या बाजूवरच लिहिलेला असतो, पण तो वाचतो कोण! 295/80 आर 22.5 मापाच्या टायरवर बऱ्याचदा 152/148 असे आकडे असतात. पहिला आकडा टायर एकटा असताना, दुसरा जोडीत असताना. 152 म्हणजे 3550 किलो, 148 म्हणजे 3150 किलो. जोडीत प्रत्येकाची क्षमता मुद्दाम कमी धरलेली असते, कारण दोघांत भार कधीच अगदी निम्मा-निम्मा वाटला जात नाही. आता पूर्ण भरलेल्या गाडीत एका बाजूच्या जोडीवर 6300 किलो आहेत आणि आतल्याने दम सोडला, तर बाहेरच्यावर ते सगळे येतात. त्याची एकट्याची मर्यादा 3550. म्हणजे पावणेदोन पटीहून जास्त ओझं घेऊन तो पळतो, आणि चालवणाऱ्याला स्टिअरिंगमध्ये काही जाणवत नाही. नंतर फुटतो तो बाहेरचा, आणि शिव्याही तोच खातो.

आता गेज. दुतोंडी म्हणजे दांड्याच्या टोकाला दोन तोंडं: एक पुढे ढकलून लावायचं, दुसरं मागे ओढून लावायचं. दुसऱ्या तोंडाची गरज का? जोडीत बाहेरचं चाक उलटं बसवलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत त्याचा व्हॉल्व्ह आत, गाडीकडे तोंड करून असतो, तर आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या डिस्कमधल्या, म्हणजे मधल्या पत्र्यातल्या, भोकातून आपल्याकडे बघत असतो. छोट्या गाडीचं आखूड गेज इथे दोन्हीकडे हरतं. एकतर पोचत नाही, आणि पोचलं तरी वाकडं बसून हवाच सोडत राहतं. शिवाय त्याची पट्टी बहुधा 50-60 पीएसआयला संपते आणि आपलं काम सुरूच होतं त्याच्या पुढे.

माझं गेज पट्टीवालं आहे. हवा आत शिरली की स्प्रिंगविरुद्ध दट्ट्या सरकतो आणि आकडे लिहिलेली पट्टी बाहेर येते. 10 ते 150 पीएसआय, दर 2 पीएसआयला खूण. बॅटरी नाही, काच नाही. गोल तबकडीचं गेज वाचायला सोपं असतं, पण त्याच्या आत वाकवलेली पातळ नळी असते आणि एकदा चांगलं आपटलं की काटा खोटं बोलायला लागतो. मोठ्या गाडीच्या हत्यारपेटीत आपटणं हाच नियम, म्हणून मी पट्टी घेतली. इतक्या महिन्यांत तिने एकच त्रास दिला: चिखलाच्या दिवसांत पट्टी अर्ध्यातच अडकायची. पुसून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवायला लागल्यापासून ते थांबलं. तेल घालू नका, धूळ आणखी चिकटते.

लावताना जोर नाही, नेम लागतो. तोंड सरळ आणि एका झटक्यात बसलं की फुस्स आवाज लगेच बंद होतो. आवाज चालू असेल तर तो आकडा विसरा, तो कमीच दाखवणार. मी दोनदा घेतो. दोन्ही आकडे जुळले तर पुढे. आणि हे सगळं गाडी थंड असताना. निदान तीन तास उभी असलेली हवी. एक तर तेव्हाचाच आकडा खरा, आणि दुसरं म्हणजे घाट उतरून आलेल्या गाडीच्या ब्रेक ड्रमशेजारी हात घालणं हे शहाणपणाचं काम नाही.

गेजच्या अचूकतेवर लोक खूप वाद घालतात. माझ्या मते 2 पीएसआय इकडेतिकडे झाल्याने आभाळ कोसळत नाही. महत्त्वाचं आहे ते एकाच गेजने जोडीतले दोन्ही टायर बघणं, कारण आपल्याला शोधायचा असतो दोघांतला फरक. 5 पीएसआयच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त फरक सलग दोन वेळा दिसला, तर जास्त हवा मारून विषय मिटवू नका. हवा कुठून तरी जाते आहे. साबणाचं पाणी घ्या. सुरुवात व्हॉल्व्हच्या पिनेपासून करा, कारण बऱ्याचदा पीन सैल असते आणि टोपण नसल्याने तिच्यात माती गेलेली असते. टोपण धातूचं, आत रबर असलेलंच लावा. प्लॅस्टिकची टोपणं उन्हाने तडकतात.

पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फरक पाडला तो चाक बसवण्याच्या पद्धतीने. दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे अर्ध्या फेरीच्या अंतरावर आणि भोकासमोर आले, तर दोन्हींपर्यंत गेज सुखाने पोचतं. घाईत कसंही बसवलं तर आतला व्हॉल्व्ह दोन भोकांच्या मधल्या पत्र्याआड जातो, आणि मग जगातलं कुठलंही गेज काही करू शकत नाही. पंक्चर काढून चाक परत चढवताना मी आता शेजारी उभाच राहतो. नट आवळण्याआधी हवेची नळी आत जाते का ते बघायला अर्धं मिनिट लागतं. नंतर तेच दुरुस्त करायचं म्हणजे जॅक लावून चाक उतरवा.

एक्स्टेंशनकडून माझ्या मोठ्या अपेक्षा होत्या. कल्पना सुंदर आहे: आतल्या व्हॉल्व्हला तारेची जाळी असलेली नळी जोडा, तिचं दुसरं टोक बाहेरच्या डिस्कवर क्लिपने बसवा, आणि आतल्या टायरची हवा बाहेरच्याइतक्याच सहज बघा. पहिले काही आठवडे अगदी तसंच झालं. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. एक्स्टेंशन जोडलं की मूळ व्हॉल्व्हची पीन कायम दाबलेली राहते. म्हणजे हवा आता रोखते ती नळीच्या टोकावरची पीन, आणि मधली संपूर्ण नळी आणि तिचे दोन्ही सांधे कायम पूर्ण दाबाखाली असतात. त्यातला एक वॉशर कडक झाला, एक क्लिप सैल पडून नळी डिस्कच्या कडेला घासू लागली, की टायर धडधाकट असूनही हवा जाणार. माझ्याकडे नेमकं हेच सुरू झालं: एका बाजूचा आतला टायर दर आठवड्याला थोडा थोडा खाली. टायर पाण्यात बुडवून झाला, काही नाही. गळत होता नळीचा सांधा. चांगल्या दर्जाची एक्स्टेंशन नीट घट्ट बसवून वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत, त्यांना मी खोटं ठरवत नाही. पण ज्यांच्या चाकात व्हॉल्व्ह भोकासमोर येतो आणि गेज थेट पोचतं, त्यांनी हवा जायला आणखी दोन सांधे स्वतःहून का वाढवावेत? ताठ, लांब पितळी एक्स्टेंशन तर आधाराशिवाय लावूच नका. चाक फिरताना ते हलत राहतं आणि मूळ व्हॉल्व्हच्या बुडाशी ताण येतो.

सेन्सर. मोठ्या गाड्यांच्या बाबतीत कायदा उशिरा जागा झाला. अमेरिकेत 2005 च्या नियमाने हलक्या गाड्यांना हवेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली, तेव्हा जोडचाकांच्या गाड्या त्यातून चक्क वगळल्या होत्या. युरोपात नव्या ट्रक, बस आणि ट्रेलरना ती जुलै 2024 पासून सरसकट लागू झाली. त्यामुळे जुनी गाडी असेल तर बाहेरून विकत घेऊनच बसवायचे. टोपणाच्या जागी फिरवून लावायचे, डॅशबोर्डवर छोटा पडदा, झालं काम. लांब गाडीत मागचे संदेश पुढे पोचत नाहीत, म्हणून मध्ये एक रिपीटर, म्हणजे संदेश पुढे पाठवणारा डबा, लावावा लागला. तो आधी लावला नव्हता तेव्हा मागचा एक टायर पडद्यावरून अधूनमधून गायब व्हायचा.

सेन्सरचा खरा फायदा चालू गाडीत आहे. गेज सकाळचं सांगतं, सेन्सर आत्ताचं. वाटेत खिळा घुसून आतला टायर हळूहळू बसायला लागला तर दुसरं कुणीही तुम्हाला ते सांगणार नाही. यासाठी मी ते ठेवले आहेत. पण त्यांची रोजची कटकटही लिहून ठेवतो. हेही पीन दाबूनच बसतात, तेव्हा रबर खराब झालं की गळती. हवा भरायची तर सेन्सर काढा, आतल्याचा काढायला बोटं आत घाला, चोरीपासून बचावाचं नट असेल तर छोटा पाना शोधा, परत लावा, साबणाचं पाणी लावून बघा. टायर अदलाबदल केले तर पडद्याला नव्याने जागा शिकवा, नाहीतर इशारा डाव्याचा आणि पंक्चर उजव्याला. आणि पडद्यावरचा आकडा गेजशी ताडून बघितल्याशिवाय मी त्यावर हवा भरत नाही. धावत्या गाडीत तो वाढलेलाच दिसणार, ते साहजिक आहे. गरम टायरची हवा आकडा जास्त दिसतो म्हणून सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी हुशारी. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेवर उभा असतो.

ऋतूचा फरकही याच मोजण्यात कळला. 100 पीएसआयच्या आसपास हवा असलेल्या टायरमध्ये तापमान 10 अंश सेल्सिअसने उतरलं की साधारण 4 पीएसआय कमी होतात, कुठेही गळती नसताना. थंडी सुरू झाली तेव्हा सहाही टायर जवळजवळ सारखेच उतरले, तेव्हा शोधाशोध करायची गरज नव्हती. एकटाच उतरला तर शोधा.

आता ज्या एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही ती. ठरलेल्या हवेच्या 80 टक्के किंवा त्याहून खाली आलेला टायर, म्हणजे 100 च्या जागी 80, तशाच अवस्थेत चालला असेल तर तो पंक्चर धरायचा. जागेवर हवा मारून पुढे जायचं नाही. पोलादी तारांचा टायर कमी हवेवर चालला की बाजूच्या भिंतीतल्या तारा वारंवार वाकून आतल्या आत तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही. मग हवा भरताना त्या एका ओळीत चेनसारख्या उसवत जातात आणि टायर स्फोटासारखा फाटतो. भरणारा समोर बसलेला असेल तर जीव जातो. असा टायर उतरवून आतून तपासायचा, आणि हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, पकड असलेल्या नळीने, लांब बाजूला उभं राहून. आतल्या टायरची हवा नियमित बघण्याचं माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं कारण आहे: 92 वर कळलं तर कॉम्प्रेसरचं काम, 75 वर कळलं तर जोखमीचं.

हवा जुळली म्हणजे जोडी जुळली असंही नाही. नवा टायर झिजलेल्याच्या शेजारी बसवला आणि नक्षीच्या खोलीत 3 मिलिमीटरचा फरक असेल, तर व्यासात 6 आणि परिघात जवळपास 19 मिलिमीटरचा फरक पडतो. दोन्ही चाकं एकाच हबला बांधलेली, फेऱ्या सारख्याच. मग दर किलोमीटरला साधारण 6 मीटरचं अंतर कुणीतरी घासत काढतो. गेज हे सांगत नाही. नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी वेगळी ठेवा. आणि हात आत घातलाच आहे तर दोन टायरच्या मध्ये दगड अडकलाय का तेही बघून घ्या.

राहता राहिली स्टेपनी. ती पुढे लागेल की मागे हे आधी माहीत नसतं, म्हणून गाडीत ज्या टायरला सगळ्यात जास्त हवा लागते तेवढी तिच्यात ठेवतो; कमी करणं कुठेही जमतं, वाढवायला कॉम्प्रेसर लागतो. माझी स्टेपनी चेसिसखाली आडवी टांगलेली आहे आणि तिचा व्हॉल्व्ह अशा जागी येतो की गेज पोचत नाही. चाकांवरून उतरवलेल्या एक्स्टेंशनपैकी न गळणारं एक आता तिथे आहे. ते चाक फिरत नाही, त्यामुळे नळी घासायचा प्रश्न नाही. स्टेपनी चढवायची वेळ आली की आधी ते काढायचं, एवढं तिथेच रंगाने लिहून ठेवलंय.