एसई म्हणून घेतला, निघाला आठ

निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर. कोगनोळी मागं पडली की कर्नाटक संपतं, पण आम्हा निपाणीकरांना पलीकडं परकं असं कधी वाटलंच नाही. लग्नाचा बस्ता कोल्हापुरात, मोठा दवाखाना कोल्हापुरात, फ्रिज घ्यायचा झाला तरी तिकडंच. त्यामुळं लेकीला फोन घ्यायचं ठरलं तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही.

लेक बेळगावात नर्सिंगला आहे, होस्टेलवर राहते. तिचा फोन तडकलेला, दुपारीच बॅटरी संपायची. पैसे बायकोच्या भिशीचे, वीस हजार. तिचा नंबर लागला आणि तिनं ते तसेच माझ्या हातात ठेवले. लेकीची मागणी एवढीच होती, "पप्पा, मोठा फोन नको. एप्रनच्या खिशात मावेल असा, खाली बटण असलेला." तिच्या सीनियर मुलीकडं आयफोन एसई होता, तो तिनं हाताळला होता आणि तोच तिच्या डोक्यात बसला होता.

हा फोन काय आहे ते आधी सांगितलं पाहिजे, कारण फसवणुकीला जागा तिथंच मिळाली. अ‍ॅपलनं २०१७ साली आयफोन ८ काढला. ४.७ इंचांची स्क्रीन, पाठीला काच, खाली बोटाचा ठसा घेणारं गोल बटण. एप्रिल २०२० मध्ये त्याच सांगाड्यात ए१३ चिप घालून कंपनीनं नवा एसई आणला. मग मार्च २०२२ मध्ये पुन्हा तोच सांगाडा, आत मात्र ए१५ ही चिप, म्हणजे आयफोन १३ मध्ये होती तीच, आणि सोबत फाईव्ह-जी. याला एसईची थर्ड जनरेशन, म्हणजे तिसरी पिढी म्हणतात. आपल्याकडं त्याची सुरुवातीची किंमत ४३,९०० रुपये होती. ट्रकवाले म्हणतात तसं, बॉडी जुनी, इंजिन नवं. यात कंपनीनं काही लपवलेलं नाही, आणि ज्याला छोटा, दणकट, बरीच वर्षं चालणारा फोन हवा त्याच्यासाठी ही कल्पना मला आजही पटते. आतला फरक मात्र मोठा आहे. आठमध्ये २ जीबी रॅम, २०२२ च्या एसईत ४. आठची बॅटरी १८२१ एमएएच, याची २०१८. आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी सिस्टीम. तिचं सप्टेंबर २०२३ मध्ये आलेलं आयओएस १७ आठला मिळालंच नाही, एसईला मिळालं आणि त्याच्या पुढचंही मिळालं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. दोन्ही फोनना एकच कव्हर बसतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं एसई बंद केला. म्हणून आता तो शोधायचा म्हणजे बहुतेक वेळा वापरलेलाच मिळतो, आणि मी त्याच बाजारात शिरलो.

श्रावणात पुतण्यानं एका दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस पाठवलं. एसई २०२२, मिडनाईट म्हणजे काळसर रंग, १२८ जीबी, बॉक्ससह, तीन महिन्यांची दुकानाची वॉरंटी, १९,५००. मी त्या नंबरवर विचारलं, "२०२२ चाच ना?" उत्तर आलं, "हो काका, थर्ड जनरेशन. फाईव्ह-जी आहे." हे मेसेज मी पुसले नाहीत. आज माझ्या हातात भक्कम असं जे काही आहे ते हेच.

रविवारी लाल बसनं गेलो. गल्लीतलं छोटं दुकान, काचेच्या कपाटात पन्नासेक फोन. पोरगा पंचविशीचा, बोलायला अतिशय गोड. चहा मागवला. फोन माझ्या हातात दिला आणि मी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाला, "काका, बाजारात फसवाफसवी लई आहे. आठ आणि एसई दिसायला सारखेच. पण आठचा सफरचंदाचा लोगो जरा वर असतो आणि खाली आयफोन असं नाव असतं. एसईला लोगो मधोमध, नाव नाही. आता हे बघा." बघितलं. लोगो मधोमध होता, नाव नव्हतं.

त्यानं सांगितलेली खूण शंभर टक्के खरी आहे. म्हणूनच मी गाफील झालो. ज्यानं फसवणूक कशी ओळखायची ते शिकवलं, तोच फसवेल असं मनात येतच नाही. मागची काच बदलता येते, मधोमध लोगो असलेली काच आठच्या पाठीवर डकवता येते, हे मला कुठून ठाऊक असणार?

मग त्यानं सेटिंग्ज उघडली, जनरल, त्यात अबाउट. पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं, "वाचा काका." तिथं लिहिलं होतं, आयफोन एसई २०२२. मी वाचलं आणि मान हलवली. त्यानं स्क्रीन लगेच बंद केली आणि कव्हर कुठल्या रंगाचं देऊ म्हणून विचारायला लागला. अठरा हजार यूपीआयनं दिले, दीड हजार रोख. बिल मागितल्यावर एका छोट्या पावतीवर लिहून दिलं, "मोबाईल १ नग", खाली शिक्का, आणि आधीच छापलेलं वाक्य, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मॉडेल नाही, आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा पंधरा अंकी नंबर, तोही नाही. बॉक्सवर आयएमईआय होता. तो फोनशी जुळवून बघायचं मला सुचलं नाही.

लेकीला फोन दिला तेव्हा तिचा चेहरा बघून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवसांनी होस्टेलवरून फोन आला. आवाज दबका. "पप्पा, यात पोर्ट्रेट येत नाही. दीदीच्या एसईत येतं." पोर्ट्रेट म्हणजे मागचं धूसर होऊन माणूस उठून दिसतो तो फोटो. मी म्हटलं, सेटिंग काहीतरी राहिलं असेल. तिनं परत सांगितलं, अपडेट बघितलं तर आयओएस १६.७ लाच थांबलंय, पुढचं येतच नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, वाय-फायवर टाका, येईल. आलं नाही. येणारच नव्हतं.

शेवटी मी बेळगावला गेलो. दोघं मिळून खडेबाजारात फोन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडं गेलो. त्यानं फोन हातात घेऊन अर्धं मिनिटही झालं नसेल. "इदु एसई अल्ल, सर," तो म्हणाला, आणि लेकीकडं बघून मराठीत, "आठ आहे हा. मागची काच बदललीय."

त्यानं जे दाखवलं ते नीट सांगतो, कारण यातली एकही गोष्ट करायला पैसे लागत नाहीत. अबाउटमध्ये सगळ्यात वर 'नेम' असते. ती ओळ म्हणजे फोनला आपण ठेवलेलं नाव. त्यावर दाबून कुणीही तिथं काहीही लिहू शकतं, माझं नाव लिहिलं तरी चालेल. खरी ओळ जरा खाली असते, 'मॉडेल नेम'. ती बदलता येत नाही. आमच्या फोनमध्ये तिथं स्वच्छ आयफोन ८ असं होतं. पोरानं माझं लक्ष पहिल्या ओळीवर खिळवलं आणि खालच्या ओळीपर्यंत नजर जाण्याआधी स्क्रीन बंद केली. आणखी एक, कंपनी तिथं २०२२ असं वर्ष लिहीतच नाही. खऱ्या फोनच्या 'मॉडेल नेम'मध्ये एसई, थर्ड जनरेशन असं येतं. त्याच्या खाली मॉडेल नंबर असतो. त्यावर एकदा दाबलं की ए पासून सुरू होणारा नंबर दिसतो. आमचा ए१९०५ निघाला, तो आठचा आहे.

दुसरी खूण त्याहून सोपी. फोन लावतो तसं *#०६# दाबायचं. एसईमध्ये ई-सिमची, म्हणजे कार्ड न घालता चालणाऱ्या सिमची सोय आहे, त्यामुळं दोन आयएमईआय येतात आणि ईआयडी म्हणून आणखी एक लांब नंबर येतो. आठला ई-सिमच नाही, एकच आयएमईआय येतो. आमचा एकच आला. तो बॉक्सवरच्या नंबराशी जुळतही नव्हता. मग त्यानं तो आयएमईआय सरकारच्या १४४२२ या नंबरवर मेसेज करायला लावला. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहायचं, एक जागा सोडायची, पुढं पंधरा अंक. उत्तरात फोनचं मॉडेल येतं. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तेही त्यातून कळतं. संचार साथी या सरकारी साईटवरही हेच बघता येतं. दुकानात उभं राहून हे सगळं पाच मिनिटांत झालं असतं.

कॅमेऱ्याचंही त्यानं सांगितलं. दोन्ही एसईमध्ये मागच्या एकाच कॅमेऱ्यानं पोर्ट्रेट फोटो निघतो, आठमध्ये तो पर्यायच नाही. लेकीला संशय आला तो तिथूनच. मी विचारलं, काच बदलली तर बाकीचंही बदलत असतील का? तो म्हणाला, पुष्कळ बदलतं. नंतर वाचलं तर फोन उघडून दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिटवाल्यांनी २०२० मध्येच एसई उघडून दाखवलं होतं की आठची स्क्रीन, कॅमेरा, सिमचा ट्रे त्याला बसतात. म्हणून बाहेरच्या कुठल्याही भागावरून फोन ओळखायला जाऊ नका. २०२० चा एसई २०२२ चा म्हणून खपवायचा प्रकारही होऊ शकतो. त्या दोघांत पोर्ट्रेटही सारखं आणि दोन आयएमईआयही सारखे. तिथं 'मॉडेल नेम' बघायचं, आणि सिमच्या सेटिंगमध्ये फाईव्ह-जी आहे का ते बघायचं. २०२० च्या फोनला ते नाही.

आठची किंमत त्यानं सहा-साडेसहा हजार सांगितली, तीही काच मूळची असेल तर. लेक दुकानाबाहेर येऊन रडायला लागली. "मी मागायलाच नको होता," म्हणाली. त्या क्षणाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. चूक करणारा कोल्हापुरात गल्ल्यावर बसलेला, आणि अपराधी वाटतंय माझ्या पोरीला.

दुकानदाराला फोन केला. आधी म्हणाला, या, बघू. दुसऱ्या दिवशी, मी एसई म्हणून दिलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी आवाज बदलला. "काका, तुम्ही कर्नाटकातले. केस करायला कोल्हापूरला किती चकरा मारणार?" या वाक्यानं मी खचलो, खोटं कशाला सांगू. आमच्या भागातल्या माणसाला हद्दीचा प्रश्न जन्मापासून चिकटलेला. कागद कुठल्या भाषेत, ठाणं कुठलं, कोर्ट कुठलं, यातच माणूस दमतो आणि पैसे सोडून देतो. मीही तीन आठवडे गप्प बसलो. सोसायटीत कामाला आहे, लोक हिशेब माझ्याकडून तपासून घेतात, त्यांना काय सांगणार होतो?

गप्प राहिलो नसतो तर बरं झालं असतं. ओळखीच्या वकीलबाईंना शेवटी सांगितलं, तर त्यांनी पहिल्याच वाक्यात माझी भीती काढली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४. ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. दुकान महाराष्ट्रात असलं तरी माझी तक्रार बेळगावात चालते. चकरा मारायच्याच झाल्या तर त्या पोराला माराव्या लागतील. वस्तू अमुक मॉडेलची आहे असं खोटं सांगून विकणं ही याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणून लिहिलेली आहे. दुकानदाराकडून घेतलेली वस्तू जुनी होती म्हणून आपला हक्क जात नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करता येते, मी ती केली. फौजदारी बाजूही आहे. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आणि गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी आपल्या जवळच्या ठाण्यात माहिती नोंदवता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात.

वकीलबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ मेसेज पुसायचे नाहीत. ज्या फोनवर ते आले तो फोन तसाच जपायचा. यूपीआयची नोंद, पावती, बॉक्स, सगळं एका पिशवीत ठेवायचं. फोन उघडून दुरुस्त करायचा नाही, विकायचाही नाही. रोख दिलेल्या दीड हजाराला माझ्याकडं पुरावा नाही, ते गेले असंच मी धरून चाललोय.

नोटीस पाठवली. मग ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या सरकारी साईटवरून तक्रार दाखल केली. त्यानंतर त्या पोराचा फोन आला, आठ हजार घ्या आणि तक्रार मागं घ्या. मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आईचे पैसे वीस हजार होते ना?" मी नाही म्हणून कळवलं. लेक तडकलेल्या फोनवरच आहे आणि आठ बायकोच्या कपाटात, बॉक्ससकट.

परवा पुतण्यानं पुन्हा त्याच दुकानाचं स्टेटस दाखवलं. एसई २०२२, मिडनाईट, १२८ जीबी, बॉक्ससह. किंमत या वेळी १८,९००. फोटोत लोगो मधोमध आहे. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरकडून कुणी बसनं निघणार असेल तर ऐका, फोन हातात आला की त्याला काही दाखवू देऊ नका. स्वतःच्या बोटानं *#०६# दाबा, 'मॉडेल नेम' मोठ्यानं वाचा, आणि पावतीवर मॉडेल आणि आयएमईआय लिहून मिळेपर्यंत यूपीआय उघडूच नका.