नवा संगणक, जुनी पत्रं: दसरा ते पाडवा वापरल्यानंतर

दसऱ्याला नवा संगणक घरी आला आणि आता पाडवाही होऊन गेला. मधले सगळे महिने तो रोज आठ-नऊ तास चालतोय, त्यामुळे आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. कोणत्या कंपनीचा घेतला ते मुद्दाम सांगत नाही. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, मॉनिटरमागे मावेल एवढी डबी; असे दहा संगणक बाजारात मिळतात आणि त्यांच्यात फार डावं-उजवं करण्यासारखं नाही. मला सांगायचंय ते त्यात हलवलेल्या ईमेलच्या पत्रव्यवहाराबद्दल. ते काम नीट व्हायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातल्या काही चुका तर जानेवारी उजाडल्यावर कळल्या.

मी घरून भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. २०१० पासूनची एकेचाळीस हजारांवर पत्रं माझ्याकडे होती. प्रकाशकांशी झालेले व्यवहार, लेखकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या, मानधनाचे हिशेब, आणि बाबांची पत्रं. बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर देवनागरी टंकन शिकून मला कोल्हापूरहून पत्रं लिहिली. आता बाबा नाहीत. ती पत्रं ज्या इंटरनेट कंपनीच्या खात्यावर यायची ते खातंही केव्हाच बंद पडलंय. म्हणजे जगात ती पत्रं एकाच ठिकाणी होती: माझ्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर.

तो संगणक २०१३ चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्रात दोन्ही नव्हतं. एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती, ती मी घेतलीही असती. पण डिस्क सुरू होताना टक्‌ टक्‌ असा आवाज करायला लागली होती. त्या आवाजानंतर थांबू नये.

दुकानदाराने आपणहून सांगितलं, “ताई, जुना ठेवून जा, सगळा डेटा टाकून देतो.” दुसऱ्या दिवशी नवा संगणक घरी येऊन लागला. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, सगळं जागच्या जागी. मेल मात्र एकही नाही. त्याची लबाडी नव्हती. त्याने जे फोल्डर दिसतात ते आणले. मी वापरत होते विंडोज लाइव्ह मेल हा मायक्रोसॉफ्टचा जुना मेल प्रोग्राम, आणि तो आपली पत्रं ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवतो. तो फोल्डर दाखवा असं विंडोजला सांगितल्याशिवाय डोळ्यांना दिसतच नाही. जुना संगणक बदलीत देऊन दोन-तीन हजार रुपये सुटत होते. ते मी घेतले नाहीत, आणि या सगळ्या खटाटोपात माझ्या हातून झालेली सर्वांत शहाणी गोष्ट तीच.

लाइव्ह मेलचा आधार जानेवारी २०१७ मध्येच संपला होता. पण त्याची एक गोष्ट फार चांगली आहे. त्यात प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र ईएमएल फाइल असते. आउटलुकसारखी सगळी पत्रं एका मोठ्या पीएसटी पेटाऱ्यात कोंबलेली नसतात. ईएमएल ही साधी मजकुराची फाइल, बहुतेक मेल प्रोग्रामांना कळते. म्हणून नव्या संगणकावर मी थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, २००४ पासून चालू आहे, आणि पत्रं माझ्या डिस्कवर अशा रूपात ठेवतं की उद्या थंडरबर्ड नाहीसं झालं तरी ती उघडता येतील. पुन्हा कुठल्याही एका प्रोग्रामच्या दावणीला माझी पत्रं बांधायची नाहीत, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

लपलेला फोल्डर उघडला तर नवी अडचण. लाइव्ह मेल डिस्कवर फोल्डरांची नावं छाटून ठेवतं आणि पुढे दोन-तीन अक्षर-अंकांचं शेपूट लावतं. माझे ‘भाषांतर २०११’, ‘भाषांतर २०१२’, ‘भाषांतर २०१४’ असे फोल्डर रोमन लिपीतल्या नावांचे होते. डिस्कवर त्या सगळ्यांचं ‘भाषां’ एवढंच उरलेलं आणि प्रत्येकाचं शेपूट वेगळं. कोणता कुठला हे आतलं एक पत्र उघडून पाहिल्याशिवाय कळेना. एक वही घेतली. डावीकडे शेपूट, मध्ये खरं नाव, उजवीकडे आत किती फाइली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पुढचं सगळं काम त्या वहीवर चाललं, म्हणून त्या संध्याकाळी वाया गेल्या असं मला वाटत नाही.

हजारो छोट्या फाइली पेनड्राइव्हवर तशाच टाकायला गेले तर तासाभरात टक्केवारी हलेना. झिप करून एकच फाइल केली आणि काम सरळ झालं. मग थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी हे ॲड-ऑन टाकलं. लोकल फोल्डर्समध्ये वर्षाच्या नावाचा फोल्डर करायचा, त्यावर उजवी क्लिक, आणि एका डिरेक्टरीतल्या सगळ्या ईएमएल फाइली आत घ्या असं सांगायचं. एका वेळी एकच फोल्डर घेतला. झाला की थंडरबर्ड दाखवतं ती पत्रांची संख्या वहीतल्या संख्येशी ताडून पाहायची.

२०१२ च्या पाठवलेल्या पत्रांत आकडा जुळला नाही. वहीत ६,२१२, थंडरबर्डमध्ये ६,१९८. चौदा पत्रं कमी. मी तो फोल्डर रिकामा करून पुन्हा आत घेतला, पुन्हा चौदा कमी. मग जुन्या फोल्डरात फाइली आकारमानाप्रमाणे लावल्या आणि उत्तर समोर आलं: सर्वांत वर शून्य केबीच्या चौदा फाइली. नाव आहे, तारीख आहे, आत काही नाही. सगळ्यांची तारीख एकच, जून महिन्यातली. त्या दिवशी वीज गेली असेल, दुसरं काय. ती पत्रं तेरा वर्षांपूर्वीच गेली होती, हलवताना नाही. मला ते समजणं महत्त्वाचं होतं. मोजलं नसतं तर कधीतरी एखादं पत्र सापडलं नसतं आणि मी नव्या संगणकाला दोष देत बसले असते.

वाचलेलं-न वाचलेलं, उत्तर दिलं-नाही दिलं या खुणा मात्र आल्या नाहीत. लाइव्ह मेल त्या पत्राच्या फाइलीत ठेवत नाही, वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवतं. ज्यांचं काम त्या खुणांवर चालतं त्यांनी हे आधीच धरून चालावं.

आता बाबांची पत्रं. ती आत आली, संख्या जुळली, आणि पहिलं उघडलं तर देवनागरीचा मागमूस नाही. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए, मग चार किरणं फुटलेलं छोटं वर्तुळ, मग गोलातला आर. पुन्हा ए, पुन्हा वर्तुळ. ओळीमागून ओळी तेच. पोटात गोळा आला. पण थोडा वेळ निरखल्यावर लक्षात आलं की चिन्हं तीन-तीनच्या गटात येताहेत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे पत्र शाबूत होतं, फक्त वाचणाऱ्याला ते कोणत्या पद्धतीने वाचायचं हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. ए, वर्तुळ आणि गोलातला आर मिळून ‘म’. थंडरबर्डच्या व्ह्यू मेनूत रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग असं एक कलम आहे. ते दाबलं आणि त्या पडद्यावर “माझ्या बाळास अनेक आशीर्वाद” उमटलं. काही पत्रांचे विषय यादीत अजून तसेच बिघडलेले दिसतात, पण आतला मजकूर अक्षर न्‌ अक्षर जागेवर आहे.

जोडपत्रांचं दुखणं वेगळं आणि ते मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं आहे. २०१० ते १३ या काळात प्रकाशकांकडून येणारी प्रकरणं युनिकोडमध्ये नसायची. सीडॅकच्या आयएसएमवर किंवा श्रीलिपीवर, म्हणजे स्वतःचे वेगळे फॉन्ट असलेल्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरवर, टाइप केलेली असायची. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर सगळं प्रकरण रोमन अक्षरांचा कचरा दिसतं. मी पत्रं आणली, फॉन्ट आणायचे विसरले. नोव्हेंबरात एका पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, लेखिकेने जुनी दुरुस्ती मागितली, आणि फाइल उघडून मी बघतच राहिले. जुना संगणक पुन्हा लावला, त्याच्या फॉन्ट्स फोल्डरातून माझ्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट आणले, तेव्हा ती फाइल बोलू लागली. आणि मंगल हा आपला नेहमीचा फॉन्टसुद्धा नव्या विंडोजमध्ये आपोआप असेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्सखाली देवनागरीचे पूरक फॉन्ट वेगळे घ्यावे लागतात. तोवर निर्मला दिसतो आणि पानांचा हिशेब चुकतो. ज्याला पानावर पैसे मिळतात त्याला हा फरक कळेल.

शोधाचीही एक गंमत सांगते. ‘दुसऱ्या आवृत्ती’ असं शोधलं तर तीनच पत्रं आली. मला ठाऊक होतं की वीसेक असली पाहिजेत. आपला हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याचा ऱ वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. आता असा शब्द मी दोन्ही तऱ्हांनी शोधते, किंवा सरळ ‘आवृत्ती’ एवढंच.

चालू खात्यांचं फार सांगण्यासारखं नाही. जीमेल आयमॅपने, म्हणजे पत्रं सर्व्हरवरच ठेवून सगळीकडून पाहू देणाऱ्या पद्धतीने, जोडलं, ब्राउझरची खिडकी उघडली, परवानगी दिली, झालं. पण एका प्रकाशनाने दिलेलं खातं मी सवयीने पॉपवर जोडलं, आणि दोन आठवड्यांनी फोनवरून त्या खात्यातली जुनी पत्रं नाहीशी व्हायला लागली. पॉप पत्र संगणकावर उतरवतं. सर्व्हरवर ते किती दिवस राहू द्यायचं याचा आकडा थंडरबर्डमध्ये आपोआप १४ दिवस असतो. पत्रं संगणकावर होतीच, हरवलं काही नाही, पण प्रवासात एका करारासाठी अडून बसले. फोन आणि संगणक दोन्हीकडे मेल पाहणाऱ्यांनी आयमॅपच घ्यावं.

यंत्राबद्दल थोडं. चालू झाल्यावर चहाचं आधण ठेवेपर्यंत कामाला लागता येतं. जुन्यावर चहा पिऊन व्हायचा. विंडोज ११ बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, आणि डिस्क आपोआप कुलूपबंद करतं. हे कुलूप उघडायची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा असते. मी ती वहीत उतरवून घेतली होती. जानेवारीत बायॉसचं, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचं, अपडेट झालं आणि सकाळी संगणकाने तीच किल्ली मागितली. वही नसती तर काम अडलं असतं. ज्यांनी हे वाचेपर्यंत उतरवलेली नाही त्यांनी आजच उतरवावी.

वनड्राइव्हवर आपलं सगळं जातंय असं समजून कोणी निर्धास्त राहू नये. ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे नेतं, तेही मोफत ५ जीबीपर्यंत. थंडरबर्डची पत्रं त्या लपलेल्या ॲपडेटामध्येच असतात. मी दर महिन्याच्या एक तारखेला थंडरबर्ड बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवते. पहिल्यांदा साध्या पेनड्राइव्हवर उतरवायला गेले तर एक फाइल जाईना. थंडरबर्ड एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच फाइलीत ठेवतं, ती ४ जीबीच्या वर गेली होती, आणि फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर त्याहून मोठी फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, आणि मोठ्या फोल्डरचे वर्षवार तुकडे केले. थंडरबर्डचं स्वतःचं एक्स्पोर्ट आहे, पण ते २ जीबीपर्यंतच चालतं, म्हणून माझ्या कामाचं नाही.

जुना संगणक अजून टेबलाखाली आहे, इंटरनेटची तार काढलेला. त्याच्यात डीव्हीडी ड्राइव्ह आहे, नव्यात नाही, आणि माझ्याकडे २००६ ते २०१० च्या, आउटलुक एक्स्प्रेस या त्याआधीच्या मेल प्रोग्रामच्या डीबीएक्स फाइली तीन सीडींवर आहेत. लाइव्ह मेल त्या फाइली आत घेतं, मग त्यांच्या ईएमएल होतात, आणि पुढची वाट आता पाठ झाली आहे. दोन सीडी अशा रीतीने इकडे आल्या. सोळाशे चाळीस पत्रं, वहीत टिपलेली. तिसरी ड्राइव्हमध्ये गरगरते आणि बाहेर येते. इथेच साताऱ्यात एका ओळखीच्या फोटो स्टुडिओत चांगला जुना ड्राइव्ह आहे, रविवारी ती तिथे घेऊन जाणार आहे.