एनजीएफची वायल: माल चांगला, डिलिव्हरी बेकार
पीसी१२ सेल्ससाठी (लॅबमध्ये वाढवतात त्या पेशी) एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हे चेतापेशी वाढवणारं प्रोटीन मागवलं, पार्सल आलं तर आतले जेलपॅक पार कोमट, म्हटलं गेले पैसे पाण्यात. पावडर होती म्हणून वाचलं बहुतेक. ५० नॅनोग्रॅम प्रति मिली टाकलं आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर उंदराच्या ट्यूमरमधल्या ह्या गोलमटोल पेशींना लांब शेपट्या फुटलेल्या, अगदी न्यूरॉनसारख्या! गंमत म्हणजे ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, असंच दुसरं वाढीचं प्रोटीन) टाकलं की ह्याच पेशी नुसत्या वाढत बसतात, कारण त्याच्या रिसेप्टरने (पेशीवरचं त्याला पकडणारं प्रोटीन) पेशीच्या आत चालू केलेला ईआरके नावाचा सिग्नल पटकन विझतो आणि एनजीएफचा ट्रॅक-ए रिसेप्टर तोच सिग्नल तासन्तास चालू ठेवतो. हे दोन्ही ग्रोथ फॅक्टर शोधणाऱ्या लेव्ही-मोंटाल्चिनी बाई आणि कोहेनना १९८६ चं नोबेल उगाच नाही मिळालं. लॉट नंबर मात्र पुसट, कस्टमर केअर फोनच उचलत नाही. ३ स्टार.