परदेशी क्लिनिकची स्टेम सेल उपचारसेवा : पैसे भरण्यापूर्वी
दादाच्या मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी आम्ही सोलापुरातून स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) उपचाराबाबत एका परदेशी क्लिनिकला ईमेल केला. एमआरआयचा अहवाल न मागताच त्यांनी आगाऊ रकमेचा तपशील पाठवला, तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. पेशी कोठून घेतात, दुष्परिणाम झाल्यास जबाबदारी कोणाची, याविषयी माहितीपत्रकात अवाक्षर नव्हते. मधुमेहापासून स्वमग्नतेपर्यंत सर्वांवर त्याच पेशी चालतात, असा दावा मात्र होता. रुग्णांवरील वैद्यकीय चाचणीचा (क्लिनिकल ट्रायल) नोंदणी क्रमांक दिला होता, पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसारखे मान्य उपचार वगळता, स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. आम्ही पैसे पाठवले नाहीत. दादाची फिजिओथेरपी जुळे सोलापुरात सुरू आहे.