बिलावर फक्त ‘साडी, १ नग’: येवल्याच्या पैठणीच्या नावाखाली होणारी फसवणूक

चौदा हजार पाचशे रुपयांच्या बिलावर एवढंच असतं: ‘साडी, १ नग’. दुकानात तासभर कानावर पडलेले ‘प्युअर सिल्क’, ‘हँडलूम’, ‘ओरिजिनल येवला’ हे शब्द बिलापर्यंत पोचलेले नसतात. साडी घरी येते, फॉल-पिकोला जाते आणि फॉल लावणाऱ्या ताईच पहिल्यांदा सांगतात, “मावशी, ही सेमी आहे. अशा रोज येतात माझ्याकडे.” सेमी म्हणजे यंत्रमागावर निघालेली, हातमागाच्या पैठणीसारखी दिसणारी साडी.

नाशिकला देवदर्शनाला किंवा फिरायला येणाऱ्यांची ही फसवणूक ठरलेल्या पायऱ्यांनी होते. २०२७च्या सिंहस्थाची गर्दी जशी जवळ येईल तशी ती वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय फसणारे सगळे परगावचे नसतात. लग्नाच्या बस्त्यासाठी नाशिकरोडहून येवल्याला गेलेली मंडळीही यात सापडतात.

पहिली पायरी गाडीत. रामकुंड, काळाराम, तपोवन, त्र्यंबक झालं की दुसऱ्या दिवशी शिर्डी असते. ड्रायव्हर म्हणतो, “वाटेत येवला लागतं, पैठणीची फॅक्टरी दाखवतो.” नाशिकहून शिर्डीचा सरळ रस्ता सिन्नरवरून जातो. येवला त्या वाटेवर लागत नाही. निफाड, विंचूर करत येवल्याला जायचं आणि तिथून कोपरगावमार्गे शिर्डी गाठायची, म्हणजे चांगला वळसा आहे. येवल्याला मुद्दाम जाणं वेगळं, जरूर जावं. शिर्डीहून मनमाड स्टेशनला जाताना तर ते खरोखरच वाटेत लागतं. पण गाडीवाला आपणहून वळसा घ्यायला तयार झाला की त्याचं कमिशन कुठेतरी ठरलेलं आहे असं धरून चालावं. दुकानाच्या दारात गाडीचा नंबर टिपून घेतला, तर ते कमिशन तुमच्याच साडीच्या किमतीत बसणार आहे.

दुसरी पायरी म्हणजे दर्शनी माग. दुकानाच्या तोंडाशी किंवा वरच्या मजल्यावर एक हातमाग असतो, त्यावर अर्धा विणलेला पदर, आणि विणकर शांतपणे काम करत बसलेला. तो पदर खरा असतो, हे नीट लक्षात घ्या. मोराच्या पिसाऱ्यातल्या प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी), ती त्या रंगाच्या हद्दीपर्यंतच जाते, शेजारच्या धाग्याला अडकवून परत फिरते. हे पाहताना कुणीही हरखून जाईल. मग सेल्समन खाली नेतो, कपाटं उघडतो आणि म्हणतो, “ताई, ही बघा, मागावरून कालच उतरवली.” माग आणि कपाट एकाच छताखाली आहेत, एवढाच त्या दोघांचा संबंध.

इथे साधा हिशेब करावा. साध्या काठपदराच्या हातमाग पैठणीलाही आठ-दहा दिवस जातात. भरगच्च पदराची आणि अंगभर बुट्टीची असेल तर काही महिने. दिवसाची मजुरी सहाशे धरली, तरी दहा दिवसांचे सहा हजार झाले. त्यात अर्धा किलोच्या आसपास रेशीम, जर, रंगाई, मागाचा खर्च आणि दुकानदाराचा नफा घाला. ‘प्युअर हँडलूम पैठणी’ चार हजारांत मिळणार नाही, हे कागदावरच सिद्ध होतं. उलटं मात्र खरं नाही. जास्त किंमत म्हणजे हातमाग असा अर्थ होत नाही, आणि हुशार दुकानदार त्याचाच फायदा घेतो. तीन हजारांची सेमी तीन हजारांना विकली तर गिऱ्हाईकाला शंका येते, चौदा हजार सांगितले की विश्वास बसतो. कपाटात एकच मोर, तोच काठ, तीच बुट्टी आणि रंग तेवढे दहा असतील, तर तो यंत्रमागाचा लॉट समजावा.

सेमी पैठणी म्हणजे वाईट माल, असं मुळीच नाही. सुरत, बेंगळुरूकडच्या यंत्रमागांवर जकार्ड (नक्षीसाठी हवे ते धागे आपोआप उचलणारं यंत्र) लावून ती निघते. हळदीकुंकवाला, ‘खेळ पैठणीचा’मध्ये बक्षीस द्यायला, ऑफिसच्या कार्यक्रमाला ती उत्तम. कित्येक दुकानदार ती सेमी म्हणूनच, योग्य भावात विकतात. त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. फसवणूक आहे ती सेमीला तोंडी ‘हातमाग’ म्हणून हातमागाचा भाव लावण्यात.

साडी ओळखायची तर पदर उलटा करा, आणि तोही पूर्ण उघडून. सेल्समन पदराची एक वीत दाखवून घडी घालू लागला तर घडी घालू देऊ नका. हातमागावर तिल्ल्यांनी विणलेल्या पदराची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. मोराच्या मानेवरचा निळा धागा मानेपुरताच असतो, तो चोचीपर्यंत लोंबत जात नाही. जकार्डच्या सेमीत मागच्या बाजूला धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत मोकळे ताणलेले दिसतात, किंवा कापलेले असतील तर बारीक केसाळ टोकं बोटाला लागतात. बांगडी अडकून ते धागे उसवू नयेत म्हणून काही साड्यांना मागून जाळी लावलेली असते. पदरामागे जाळी दिसली की पुढची चर्चा सेमीच्या भावात करावी.

यात एक खाच आहे. अंगावरची बुट्टी हातमागावरही जकार्ड लावून काढली जाते, त्यामुळे अंगाच्या मागच्या बाजूला कापलेले धागे दिसले म्हणून साडी लगेच खोटी ठरत नाही. निकाल पदर आणि काठावर लावावा. त्याच पदरावरचे दोन मोर शेजारी धरून पाहा. हातच्या कामात एकाची चोच दोन धाग्यांनी पुढे, दुसऱ्याचा पिसारा किंचित बसका असा फरक राहतोच. यंत्रावरचे मोर छापल्यासारखे जुळतात. किनारीला असलेली बारीक भोकं दाखवून ‘हा हातमागाचा पुरावा’ असं सांगतात, त्याला फार महत्त्व देऊ नये. विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीची ती भोकं असतात आणि तशा खुणा यंत्रमागाच्या कापडावरही पडतात.

मग काडीपेटीचा खेळ. सेल्समन धागा जाळून दाखवतो, केस जळाल्यासारखा वास येतो, राख चिमटीत भुगा होते. “बघा, प्युअर सिल्क!” चाचणी बरोबर आहे. रेशीम प्राणिज असल्यामुळे केसासारखंच जळतं. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतं आणि प्लास्टिकचा वास येतो, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) कागदासारखं भुरकन पेटतं. प्रश्न असा की जाळलेला धागा कुठला होता? बऱ्याचदा तो खिशातल्या खऱ्या रेशमाच्या लडीचा असतो. साडीतलाच काढला तरी एकाच दिशेचा असतो. ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) पॉलिएस्टरचा, अशी मिसळ असेल तर ताण्याचा धागा जाळून काय कळणार? म्हणून तुम्ही स्वतः, निवडलेल्याच साडीतून दोन धागे काढायचे. पदराच्या टोकाच्या दशीतून मिळेल तो ताण्याचा, आणि तिथेच सुईने आडवा उचकटून काढाल तो बाण्याचा. दोन्ही वेगवेगळे जाळायचे. “साडी खराब होईल” ही सबब ऐकू नये. दशीतल्या दोन धाग्यांनी साडी खराब होत नाही.

जरीबाबत ‘सोन्याची जर’ हे शब्द ऐकले की सावध व्हावं. अस्सल जर म्हणजे रेशमी गाभ्यावर चांदीची तार आणि तिला सोन्याचा मुलामा. ती साडीला वापरली तर किंमत कुठच्या कुठे जाते. बाजारातल्या चांगल्या हातमाग पैठण्यांतही बहुतेक ‘टेस्टेड’ जर असते, म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिच्याही खाली प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची जर. जरीचा धागा नखाने खरवडला आणि आत लालसर तांबं दिसलं तर टेस्टेड. ज्योतीजवळ नेताच आकसून गोळा झाला तर प्लास्टिक.

आता लेबलं. सिल्क मार्कचं लेबल केंद्रीय रेशीम मंडळाच्या संस्थेचं, आणि ते एकच सांगतं: धागा नैसर्गिक रेशीम आहे. साडी हातमागावर विणली की यंत्रमागावर, याबद्दल ते काही बोलत नाही. शुद्ध रेशमाची यंत्रमागावरची साडी सिल्क मार्क रास्तपणे मिरवू शकते, आणि दुकानदार तेच लेबल हातमागाचा दाखला म्हणून पुढे करतो. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा. तिसरी गोष्ट भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या खास मालाच्या नावाची सरकारी नोंदणी. ते पैठणीला मिळालेलं आहे, पण भिंतीवर फ्रेम करून टांगलेल्या प्रमाणपत्राची झेरॉक्स म्हणजे तुमच्या हातातल्या साडीचा दाखला नव्हे. लेबल दोऱ्याने बांधलेलं असेल तर त्यावरचा नंबर पैसे देण्याआधीच सिल्क मार्कच्या अ‍ॅपवर तपासा. एका साडीचं लेबल काढून दुसरीला बांधायला किती वेळ लागतो, ते वेगळं सांगायला नको.

अदलाबदल हीही नेहमीची युक्ती. पसंत केलेली साडी ‘पॅक करून आणतो’ म्हणून आत जाते आणि त्याच रंगाची दुसरी बाहेर येते. पसंत पडताच पदराची, काठाच्या जोडाची आणि एखाद्या ठळक दोषाची फोटोत नोंद करा. हातच्या कामात असा एखादा दोष असतोच आणि तीच साडीची ओळखखूण. पॅकिंग समोर करून घ्या.

ऑनलाइनचं थोडक्यात. ‘डायरेक्ट विणकराकडून’ म्हणवणाऱ्या पेजवरचे फोटो बऱ्याचदा खऱ्या विणकरांच्या पेजवरून उचललेले असतात. ‘आज लाइव्हमध्ये १,९९९’ अशी घाई, यूपीआयवर पूर्ण पैसे आगाऊ, आणि पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही ही अट. व्हिडिओ काढाच, कुरिअरचं लेबल दिसेल असा, पण त्याआधी त्याच साडीचा पदर उलटा करून व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हणावं. खरा विणकर आनंदाने दाखवतो, माग चालू असेल तर मागासकट. पैसे गेले आणि पेजच गायब झालं तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, फोन करून तक्रार नोंदवा, कारण रक्कम गोठवता येते ती पुढे सरकण्याआधी.

सगळ्यात कामाचं म्हणजे बिल. पैसे काढण्याआधी दुकानदाराला सांगा, बिलावर असं लिहा: ‘हातमागावर विणलेली पैठणी साडी, ताणा व बाणा शुद्ध रेशीम, जर टेस्टेड, १ नग’. आवाज न चढवता, हसून सांगायचं. खरा माल विकणारा एका मिनिटात लिहून देतो. “आमच्या कॉम्प्युटरमध्ये तसं येत नाही हो” हे उत्तर आलं, तर हाताने लिहून सही-शिक्का मागा. तरीही नाही म्हणाला तर तासाभराच्या गप्पांचा निकाल तिथेच लागला, साडी खाली ठेवून बाहेर पडावं. ‘जीएसटी वाचवतो’ म्हणून दिलेली कच्ची पावती घेऊ नका. साडीवर जीएसटी पाच टक्के, म्हणजे चौदा हजारांवर सातशे रुपये. तेवढ्यासाठी पुरावा सोडून देणं परवडत नाही.

पक्क्या बिलावर अनेकदा एचएसएन कोड (माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा जीएसटीचा आकडा) छापलेला असतो, तो वाचा. ५००७ने सुरू होत असेल तर रेशमी कापड. ५४०७ म्हणजे कृत्रिम धाग्याचं कापड, पॉलिएस्टर वगैरे. ५४०८ म्हणजे व्हिस्कोसच्या जातीचं. तोंडाने ‘प्युअर सिल्क’ म्हणणाऱ्याच्या बिलावर ५४०७ निघाला, तर दुकानदाराने स्वतःच्या हाताने कबुली दिली आहे. लहान दुकानांच्या बिलावर कोड नसूही शकतो, म्हणून वर सांगितलेलं लेखी वर्णन हवंच.

फसल्यानंतर काय करायचं? ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचून गप्प बसू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही. आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रजिस्टर पोस्टाने, बिलाची प्रत आणि उलट्या पदराचे फोटो जोडून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण दुकानदाराला बोभाटा नको असतो. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, नागपूरच्या माणसाला त्यासाठी नाशिकला खेपा घालाव्या लागत नाहीत. दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

गरज वाटली तर आयोग माल सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. म्हणून शंका आल्यावर साडी धुऊ नका, इस्त्री करू नका, लेबल तोडू नका. आणि बहुतेक जणी घरी पोचताच जे पहिलं काम करतात, ते काही दिवस थांबवा: ब्लाउजपीस कापून शिंप्याकडे देऊ नका.